चौकशीबाई आणि चिनी मातीची कोंबडी

चौकशीबाईंना हे नाव त्यांच्या थोरल्या भावानं ठेवलं, तेव्हा त्या नुकत्या शाळेत जायला लागल्या होत्या. घरातलं घड्याळ बंद पडलं की सगळे किल्ली शोधायचे आणि या विचारायच्या, "बंद पडायच्या आधी त्याला काही होत होतं का?" पाहुणे यायचे असले की आजोबा त्यांना दारातच बजावत, "हिच्यासमोर पगार, वय आणि आजार यांतलं काही काढू नका, नाहीतर गाडी चुकेल." भाऊ म्हणाला, "स्टेशनावर चौकशीची खिडकी असते ना, तशी आहे ही. फरक इतकाच, की तिथे लोक खिडकीला विचारतात, इथे खिडकीच लोकांना विचारते." नाव बसलं ते बसलंच. पुढे नवऱ्यानं तेच चालवलं, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी बाईंच्या टेबलावर चहा ठेवणारासुद्धा त्यांना चौकशीबाई म्हणतो.

अशा बाईंनी खरं तर पोलिसात जायचं. त्या गेल्या जाहिरातीत. कंपन्यांना आपला माल फोनवर लोकांना दाखवायचा असतो, आणि लोकांचा अंगठा जाहिरात दिसताच ती वर ढकलून देतो. तो अंगठा थांबवणं हा बाईंचा धंदा. त्या कंपन्यांसाठी छोटे छोटे खेळ बसवत आणि त्यांचं चित्रीकरण करून देत. साबणवाल्यांसाठी त्यांनी ओल्या हातात साबण धरून जिना चढायची शर्यत लावली होती, छत्रीवाल्यांसाठी उलट्या छत्रीत लिंबं झेलायला लावली होती. "माणूस बक्षिसासाठी थांबत नाही हो," त्या म्हणत, "पुढे काय झालं, ते कळावं म्हणून थांबतो. मी नाही का थांबत? रस्त्यात दोघं भांडत असले तर माझी भाजी नासते."

या खेपेला काम आलं होतं गोंदाच्या कंपनीचं. चिनी माती, लाकूड, प्लॅस्टिक, काहीही जोडणारा झटपट गोंद. कंपनीकडून आलेले साहेब तरुण, चुणचुणीत आणि दर वाक्यात एकदा "आमचा ब्रँड" म्हणणारे. त्यांना कोण जास्त तुकडे जोडतं अशी शर्यत हवी होती. बाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन दुसराच खेळ रचला.

त्यांची आई शिवणकाम करायची. बाई लहानपणी तिच्यापुढे बसून वाटेल ते विचारत, आणि एरवी "गप बस" म्हणणारी आई काजं करता करता सगळं सांगून मोकळी व्हायची. माहेरचं, सासरचं, मोडलेल्या सोयरिकीचंसुद्धा. हात गुंतले की तोंड सुटतं, हे बाईंचं शास्त्र तिथलं. खेळ असा, की एका घरातली दोन माणसं घरातली एक मोडकी वस्तू घेऊन येतात. एकानं ती गोंदानं जोडायची. दुसऱ्यानं समोर बसून प्रश्न विचारायचे आणि वस्तू जोडून व्हायच्या आत ओळखायचं, की ती मोडली कशी. जोडणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम. खेळाचं नाव, 'मोडलं कसं?'

साहेबांना खेळ आवडला. फक्त एक अट घातली. "रडारड नको, मॅडम. आमचा ब्रँड आनंदी आहे."

घराघरांत मोडक्या वस्तूंचा एवढा साठा असतो हे बाईंना तेव्हा कळलं. फोनवर फोन आले. चष्म्याच्या काड्या, फुलदाण्या, देवाणघेवाणीत तुटलेली भांडी आणि मनं. बाई प्रत्येकाशी तासन्‌तास बोलत बसल्या, कारण निवड करायची म्हणजे चौकशी करायची, आणि त्यासाठी कुणी पैसे देतंय म्हणजे तर दुधात साखर. त्यातच एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे तिशीची बाई, औषधांच्या दुकानात कामाला. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त.

"वस्तू काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कोंबडी. चिनी मातीची. अंडी ठेवायची असते ना, पाठ उघडते ती. आईची होती. बाबांनी तिचे तुकडे बुटाच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलेत, मी सात वर्षांची होते तेव्हापासून."

"टाकत का नाहीत?"

"टाकत नाहीत, जोडत नाहीत, हात लावू देत नाहीत. ताई, ती फुटली त्याच आठवड्यात आई घर सोडून गेली. परत आली नाही. मला त्या दिवसाचं फक्त फुटल्याचा आवाज आठवतो. बाकी काही नाही. बाबांना विचारलं की ते उठून बाहेर जातात. मला एवढंच हवंय, ती माझ्या हातून फुटली होती का."

बाईंना पुढे विचारायला सुचेना, म्हणजे बघा. अखेर त्यांनी विचारलं, "आणि खेळात कसे काय सांगतील?"

"ते हो म्हणालेत. म्हणाले, हातात काम असेल तर सांगेन. नुसतं बसून नाही जमायचं."

फोन ठेवल्यावर बाई खिडकीत उभ्या राहिल्या. त्यांचं शास्त्र एका अनोळखी माणसानं न शिकता सांगितलं होतं. आणि ती कोंबडी फुटली कशी, ते आपल्यालाही कळणार, या विचारानं त्यांना नुसतं फुरफुरायला झालं होतं, हेही खरं.

आता मोडतोडमास्तरांची ओळख करून द्यायला हवी. हे बाईंचे सामानवाले. सेटवर लागेल ती वस्तू आणायची, रंगवायची, जुनी करायची, हे त्यांचं काम. वयानं बाईंपेक्षा मोठे, बोलणं कमी, मिशा जास्त. बाईंचा एक जुना रिवाज होता. कोणताही खेळ आधी स्वतः खेळून बघायचा, आणि तो खऱ्या वस्तूवर कधीच नाही. म्हणून प्रत्येक मोडक्या वस्तूची मास्तर एक जुळी बहीण आणत. ती फडक्यात गुंडाळून हातोडीनं बेतानं फोडत, कोरे काठ घासून मळवत, आणि दोन ट्रे शेजारी शेजारी मांडत. एकात असली, एकात नकली. नकलीवर तालीम, असलीवर खेळ. कोंबडीच्या बाबतीत तर मास्तरांनी कमाल केली होती. तस्साच निळा पंख, तस्सेच तडे.

चित्रीकरणाच्या सकाळी मास्तरांनी टेबलावर ट्रे मांडले, बाईंना म्हणाले, "भिंतीकडचा असली, खिडकीकडचा नकली," आणि ते चहाला गेले. तेवढ्यात दिवे लावणाऱ्याला टेबलाचे चकचकीत पाय खटकले. त्यानं दोघांच्या मदतीनं टेबल अलगद उचललं, अर्धं फिरवून पुन्हा तिथेच ठेवलं आणि पुढच्या दिव्याकडे गेला. भिंत भिंतीच्या जागी राहिली, खिडकी खिडकीच्या. ट्रे तेवढे इकडचे तिकडे झाले.

बाई आल्या, खिडकीकडच्या ट्रेसमोर बसल्या आणि कोंबडी जोडायला लागल्या. गोंद खरोखरच उत्तम होता. तुकडा लावावा, दहा मोजावेत, की हलायचं नाव नाही. पोट झालं, पंख झाला, शेपूट झाली. शेवटी चोच काही सापडेना. ट्रेमध्ये नव्हती, टेबलाखाली नव्हती. मास्तरांनी हरवली असेल, असं म्हणून बाईंनी विषय सोडला. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुठला विषय सोडला नाही, तिनं नेमका हा सोडला, आता काय म्हणावं!

मास्तर दोन चहा घेऊन आत आले आणि दारातच थबकले. "बाई, ही कशाला जोडलीत?"

"तालमीला. आणि चोच कुठे घालवलीत तुम्ही?"

"नकलीला चोच आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "असलीला नाही. खोक्यातूनच नव्हती आली."

बाईंनी दुसऱ्या ट्रेकडे पाहिलं. त्यात तुकड्यांच्या ढिगावर निळी चोच दिमाखात पडली होती. त्यांनी जोडलेली शेपूट ओढून पाहिली, पंखाला नख लावून पाहिलं. कंपनीनं जाहिरातीत जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं होतं. एका माणसानं तेवीस वर्षं ज्याला हात लावू दिला नव्हता, ते काम बाईंनी चहा यायच्या आत उरकून टाकलं होतं.

"काही बिघडलं नाही," मास्तर म्हणाले. "नकली पुढे ठेवतो, चोच काढून घेतो. काका ती जोडतील, पोरगी विचारेल, शेवटी ही असली हातात देऊ. घरी जाऊन कपाटावर बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, मास्तर."

"ही कोंबडी आहे, बाई. ती आरवत नाही."

बाईंना हसू आलं, तशात रडूही आलं. मास्तरांचं म्हणणं चूक नव्हतं. दोघांशिवाय कुणाला कळलं नसतं, मुलीला तिचं उत्तर मिळालं असतं, साहेबांना त्यांचा आनंदी ब्रँड. पण त्या बापानं काय म्हटलं होतं? हातात काम असेल तर सांगेन. ते काम म्हणजे हे तुकडे. दुकानातून कालपरवा आणून फोडलेल्या कोंबडीवर त्याला आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलायला लावायची, आणि आपण कॅमेऱ्याच्या काचेआडून बघायचं? बाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी कोंबडी उचलली, सेटवरच्या टेबलाच्या मधोमध ठेवली आणि बापलेकीला बोलावणं धाडलं.

काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात उगाचच रुमाल. मागोमाग मुलगी. कॅमेरेवाल्यानं सवयीनं कॅमेरा सुरू केला, ध्वनीवाल्यानं दोघांच्या कॉलरला माइक लावले, साहेब पडद्यापलीकडे आपल्या खुर्चीत बसले.

"काका," बाई म्हणाल्या, "माझ्या हातून चूक झालीय. नकली समजून तुमचीच कोंबडी मी जोडून बसले. कुणावर ढकलण्यात अर्थ नाही, बघून घेणं माझं काम होतं. तुम्ही रागावलात तर तुमचं बरोबर आहे."

काकांनी कोंबडी दोन्ही हातांत घेतली. उलटी केली, पोटावरून अंगठा फिरवला. आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला, की त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं सगळ्यांना दिसलं.

"झाली की!" ते म्हणाले. "छान जोडलीत. रागवायचं काय त्यात?" त्यांनी कोंबडी खाली ठेवली आणि मुलीकडे न बघता खुर्ची मागे सारली. "चल गं, निघू या. जोडलीच गेली, तर आता विचारायचं काय राहिलं?"

बाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. खरं बोलून त्यांनी माणसाला पळवाट काढून दिली होती. खोटं बोलल्या असत्या तर निदान मुलीला उत्तर मिळालं असतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

मुलीनं टेबलावरची कोंबडी उचलली. बाईंना वाटलं, फडक्यात बांधून घेतेय. मुलीनं ती छातीजवळ धरली, एकदा वडिलांच्या पाठीकडे पाहिलं आणि हात सोडून दिले.

आवाज झाला तो केवढा! मास्तरांच्या हातातला चहा हिंदकळला. काका गर्रकन वळले.

"आता ही माझ्या हातून फुटली, बाबा," मुलगी म्हणाली. "ही नक्की माझ्या हातून. तेव्हाचं तुम्ही सांगा."

पडद्यामागून साहेबांचा आवाज आला. "जोड सुटले नाहीत! बघितलंत? नव्या जागी फुटली, पण आपला एक जोड सुटला नाही! चालू ठेवा, चालू ठेवा, याच्यासारखी जाहिरात नाही!"

काका गुडघ्यावर बसले. वय झालेलं, त्यामुळे टेबलाचा आधार घेत बसले. "तू मागे हो," ते मुलीला म्हणाले, "पायाला लागेल." सात वर्षांच्या पोरीला म्हणावं तसं म्हणाले. मग एकेक तुकडा वेचून रुमालावर ठेवायला लागले. पंखाचा तुकडा पोटाला लावून बघितला, नाही बसला, फिरवून लावला. मुलगी त्यांच्यासमोर फरशीवर बसली. वर न बघता काका म्हणाले, "हं. विचार."

आणि इथे चौकशीबाईंची खरी परीक्षा झाली. ज्या क्षणासाठी त्यांनी खेळ रचला, तो क्षण आयता फरशीवर येऊन बसला होता. कॅमेरा चालू, माइक चालू, बाप बोलायच्या बेतात. आणि कोंबडी फुटली कशी, या प्रश्नानं बाई आठ दिवस झोपेतसुद्धा कूस बदलत होत्या. पण काकांना आता कॅमेऱ्याचं भान राहिलेलं नाही, हे त्यांना दिसत होतं. खेळायला हो म्हटलेला माणूस वेगळा आणि हा फरशीवरचा वेगळा.

"बंद करा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी बाहेर."

"मॅडम!" साहेब ओरडले.

"बाहेर म्हटलं ना!" बाई ओरडल्या. त्यांनी मास्तरांना पुढे घातलं, कॅमेरेवाल्याला दंडाला धरून काढलं, टेबलावरची गोंदाची ट्यूब काकांच्या गुडघ्यापाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बोळात साहेबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पहिलाच भाग हातचा घालवलात. हजारो लोकांनी बघितलं असतं. पुढचे भाग तुमच्याकडे ठेवायचे की नाही याचा आम्हाला विचार करावा लागेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "करा विचार," त्या म्हणाल्या. "दुपारी चष्म्यावाले दीर-भावजय येतायत. ते भांडतील, रडणार नाहीत. आत्ता जेवून घ्या." साहेब फोन कानाला लावून निघून गेले.

बाकीचे जेवायला पांगले आणि बोळात बाई एकट्या राहिल्या. भिंतीशी ध्वनीवाल्याची पेटी होती. तिच्यावरचा बारका हिरवा दिवा अजून चालू होता, आणि शेजारी हेडफोन पडलेले. म्हणजे काकांच्या कॉलरचा माइक जिवंत होता. आतला शब्द न्‌ शब्द त्या दोन काळ्या वाट्यांत येत होता.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी हेडफोन उचलले. एका कानाला लावायला काय हरकत आहे? चूक आपण केली, कबूल आपण केली, साहेबांची बोलणी आपण खाल्ली. मोबदला म्हणून एक वाक्य! कुणाला सांगायचं थोडंच आहे? भाऊ असता तर म्हणाला असता, खिडकी उघडी ठेवायची सवय तुला, आता का लाजतेस. हेडफोन कानापासून चार बोटांवर आले. काकांचा आवाज लागला, नुसता सूर, शब्द नाहीत. खालचा, संथ, न थांबणारा. बाईंनी डोळे मिटले, पेटीची वायर हातानं चाचपली आणि उपटून टाकली. मग त्या पेटीशेजारीच जमिनीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. एवढं त्यांना साबणवाल्यांच्या जिन्यानंसुद्धा दमवलं नव्हतं.

जेवणं झाली. मास्तर येऊन बघून गेले. दार बंदच. बाई तिथून हलल्या नाहीत आणि कुणाला फिरकूही दिलं नाही.

मग दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, बोटांना गोंद. बाई उठून उभ्या राहिल्या. ओठ गच्च मिटून घेतले, न जाणो एखादा प्रश्न निसटायचा.

"माझ्या हातून नव्हती फुटली," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिला जवळ घेतलं. मग कुणाच्या हातून, हे त्यांच्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गिळलेला प्रश्न पचेल असं वाटलं.

"जोडून झाली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही. अर्धीच झाली. बाबा म्हणाले, आज एवढं पुरे, बाकीची घरी जोडू. रोज थोडी थोडी." मुलीनं नाक पुसलं. "ताई, तुमच्याकडे त्या गोंदाची अजून एखादी ट्यूब असेल का? ती संपत आली."

बाईंनी कंपनीनं पाठवलेलं खोकं उघडलं. "किती देऊ?"

मुलीनं मागे वळून दारातून आत पाहिलं. काका फरशीवरच बसून रुमालाला गाठ मारत होते.

"लवकर वाळतो ना हा?" तिनं विचारलं.

"फार लवकर."

"यापेक्षा हळू वाळणारा नाही का?" मुलगी म्हणाली.